एसीचं पोट कोणी उघडायचं?

घरभर एकच एसी आणि डक्टमधून खोल्याखोल्यांत हवा, ही व्यवस्था अमेरिकेत घरोघरी आहे. पुण्या-मुंबईच्या मोठ्या फ्लॅटांतही फॉल्स सीलिंगच्या वर ती दिसू लागली आहे. या खेपेच्या बहुतेक पत्रांचा सूर एकच: सफाई आपण करायची की माणूस बोलवायचा? आमचं मत आधीच सांगून टाकतो. धूळ, पाणी आणि फिल्टर हे घरच्या माणसाचं काम. गॅस, कॅपॅसिटर (मोटारींना जोर देणारा विजेचा डबा) आणि बंद पत्र्यामागचं कॉइल (गॅसच्या नळ्या आणि पातळ पात्यांची जाळी) हे कारागिराचं. पण कारागिराचं काम म्हणजे तो सांगेल ते सगळं खरं, असं मात्र नाही.

प्रश्न : आमचं घर दुमजली आहे. ४ टनांचा एसी, आतलं युनिट ॲटिकमध्ये. दर मार्चमध्ये ट्यून-अपचे दीडशे डॉलर देतो. माणूस येतो, अर्ध्या तासात जातो. हे सगळं मीच केलं तर काय बिघडेल? नेमकं काय करायचं तेही सांगा.
— एक वाचक, प्लेनो, टेक्सस

उत्तर : अर्ध्या तासात तो बहुधा बाहेरच्या युनिटवर पाणी मारतो, ड्रेन (साचलेलं पाणी बाहेर नेणारा पाइप) बघतो आणि मीटर लावून दोन-चार आकडे घेतो. पहिली दोन कामं तुम्ही त्याच्यापेक्षा चांगली कराल, कारण तुम्हाला पुढच्या घरी जायची घाई नाही.

बाहेरच्या युनिटपासून सुरुवात करा. थर्मोस्टॅट बंद करा, पाच मिनिटं थांबा, मग युनिटजवळच्या भिंतीवरच्या डिस्कनेक्ट बॉक्समधला खटका ओढून काढा. पॅनेलमधला ब्रेकरही पाडा. आता लगेच होज हातात घेऊ नका. जाळीला चिकटलेला कापूस, गवत, कुत्र्याचे केस आधी कोरडेच काढा, मऊ ब्रशने, वरून खाली. हा कापूस एकदा भिजला की त्याचा नमदा होतो आणि कॉइलच्या पात्यांत रुततो.

त्यानंतर पाणी. खरी धुलाई आतून बाहेर करायची असते, कारण पंखा हवा बाहेरून आत ओढतो आणि मळ बाहेरच्या अंगाला बसतो. वरच्या जाळीचे स्क्रू बहुतेक युनिटांत ५/१६ इंची षटकोनी डोक्याचे असतात. ते काढून पंख्यासकट झाकण उचलता येतं, पण त्याला वायरी जोडलेल्या असतात. झाकण वायरींवर लोंबकळू द्यायचं नाही. दुसऱ्या माणसाने धरावं किंवा कडेला टेकवावं. हे जमणार नसेल तर बाहेरूनच, हलक्या धारेने, तिरपं खाली पाणी सोडा. त्यानेही बराच मळ निघतो. खाली येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, म्हणजे साधारण दहा-पंधरा मिनिटं, चालू द्या. प्रेशर वॉशर अजिबात नको. ॲल्युमिनियमच्या त्या पात्या ०.१ मिलिमीटरच्या आसपास जाड असतात. जोराच्या धारेने त्या आडव्या झोपतात आणि मग मळ नसूनही हवा जात नाही. थोड्या वाकलेल्या पात्या फिन-कोम नावाच्या फणीने सरळ होतात. फणी घेताना इंचाला किती पात्या आहेत ते मोजून घ्या.

एक गोष्ट मात्र बघून ठेवा. काही युनिटांत कॉइलचे दोन थर एकामागे एक असतात. मळ त्या दोन थरांच्या मध्ये घट्ट बसतो आणि बाहेरून सगळं चकचकीत दिसतं. तसं असेल तर थर वेगळे करायला माणूस बोलवा.

युनिटच्या भोवती दोन फूट मोकळी जागा हवी, डोक्यावर पाच फूट. झुडपं छाटा. कपडे वाळवायच्या ड्रायरची हवा शेजारीच बाहेर पडत असेल तर त्याचा तंतू सगळा कॉइलवर जातो. कितीही धुतलं तरी महिन्याभरात परत तेच.

आता ॲटिक. सकाळी लवकर जा, टेक्ससच्या उन्हाळ्यात दुपारचं ॲटिक ५० अंश सेल्सियसच्या वर जातं. पाय फक्त लाकडी वाशांवर द्या. मधल्या इन्सुलेशनवर दिलात तर तो खालच्या बेडरूममध्ये निघेल. युनिटमधून पाऊण इंची पांढरा पीव्हीसी पाइप निघतो, त्यावर बूच असलेलं टी असतं. बूच काढून एक कप पांढरं व्हिनेगर ओता. अर्ध्या तासाने दोन लिटर साधं पाणी. मग बाहेर जाऊन पाइपच्या दुसऱ्या टोकाला वेट-ड्राय व्हॅक्यूम लावा, फट ओल्या फडक्याने बंद करा आणि दोन-तीन मिनिटं ओढा. टाकीत जे पडेल ते काळपट, बुळबुळीत, पातळ कांजीसारखं असेल. दमट दिवसात अशा यंत्रातून २० ते ७५ लिटर पाणी निघतं, तेव्हा हा पाइप तुंबला तर काय होईल याची कल्पना करा. बूच परत घट्ट बसवायला विसरू नका. ते उघडं राहिलं तर अनेक युनिटांत ब्लोअर तिथूनच हवा ओढतो आणि पाणी ट्रेमध्ये अडकून राहतं.

युनिटच्या खाली मोठा पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा दुसरा ट्रे असेल, त्यात फ्लोट स्विच. एसी चालू असताना तो फ्लोट बोटाने वर उचला. यंत्र बंद पडायला हवं. नाही पडलं तर तो स्विच केवळ शोभेचा आहे. त्या ट्रेचा पाइप मुद्दाम खिडकीच्या वर, डोळ्यांत येईल अशा जागी काढलेला असतो. तिथून थेंब पडताना दिसले तर त्याचा अर्थ मुख्य ड्रेन तुंबला आहे.

शेवटी परीक्षा. एसी पंधरा-वीस मिनिटं चालू द्या आणि स्वयंपाकघरातल्या साध्या थर्मामीटरने रिटर्न ग्रीलची (जिथून घरातली हवा यंत्राकडे जाते) हवा आणि युनिटच्या सगळ्यांत जवळच्या सप्लाय ग्रीलची (जिथून गार हवा खोलीत येते) हवा मोजा. फरक १६ ते २२ अंश फॅरेनहाइट हवा. दमट दिवशी तो खालच्या टोकाला राहतो. १४च्या खाली गेला तर गारवा कमी बनतो आहे. २२च्या बराच वर गेला तर हवा कमी वाहते आहे, म्हणजे बहुतेक वेळा फिल्टर किंवा कॉइल. तारखेसकट वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी हाच आकडा कामाला येतो.

राहिलं ते मीटरचं काम: कॅपॅसिटरची क्षमता, मोटारींचे अँपिअर, डक्टमधला दाब, गॅसचं सुपरहीट आणि सबकूलिंग (गॅस पुरेसा आहे का ते सांगणारे दोन आकडे). त्यासाठी एक वर्षाआड माणूस बोलवा, यंत्र दहा वर्षांच्या पुढे गेलं की दरवर्षी. वॉरंटीचा कागदही एकदा वाचा, काही कंपन्या वार्षिक देखभालीची पावती मागतात. आणि येणाऱ्याला आधीच सांगा, आकडे कागदावर हवेत. नुसतं ‘ऑल गुड’ लिहून जाणाऱ्याला दीडशे डॉलर कशाचे?

प्रश्न : मुलाला ॲलर्जी आहे म्हणून मर्व्ह १३चा (मर्व्हचा आकडा जितका मोठा तितका फिल्टर दाट) फिल्टर लावला. आता बेसमेंटमधल्या युनिटच्या तांब्याच्या पाइपवर बर्फ धरतो आणि वरच्या मजल्यावर हवाच येत नाही. फिल्टर तर चांगलाच लावला होता!
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : फिल्टर चांगला आहे, पण तुमच्या यंत्राला तो सोसत नाही. एका टनाला मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा लागते. ती कमी पडली की आतल्या कॉइलला उष्णता मिळत नाही, त्याचं तापमान शून्याखाली जातं, त्यावर दव गोठतं, गोठलेल्या दवाने उरलेली वाट बंद होते. एकदा सुरू झालं की बर्फच बर्फाला वाढवतो. घरगुती ब्लोअर बहुतेक वेळा ०.५ इंच पाण्याच्या दाबाच्या (हवेच्या वाटेतला अडथळा मोजायचं माप) हिशेबाने निवडलेले असतात. एक इंची खाचेतला दाट फिल्टर, त्यातही मळलेला, त्यातला मोठा वाटा एकटाच खातो.

आधी बर्फ उतरवा. थर्मोस्टॅटवर ‘कूल’ बंद, पंखा ‘ऑन’. काही तासांत उतरतो, जाड असेल तर दिवसही जातो. खाली जुने टॉवेल टाका. सुरी, स्क्रूड्रायव्हर लावून बर्फ खरवडायचा नाही, त्यामागचा तांब्याचा पाइप पातळ असतो. मग एक इंची खाचेत मर्व्ह ८ लावा आणि तो एक-दोन महिन्यांत बदला. फिल्टरच्या कडेवरचा बाण ब्लोअरच्या दिशेने. मुलासाठी मर्व्ह १३ हवाच असेल तर माणसाकडून चार किंवा पाच इंची फिल्टरची पेटी बसवून घ्या. घड्यांमुळे त्याचं क्षेत्रफळ कितीतरी जास्त असतं, हवा अडत नाही, आणि फिल्टर सहा महिने ते वर्षभर चालतो.

आपल्या घरांत आणखी एक भानगड असते. रिटर्न ग्रील स्वयंपाकघराजवळ असेल आणि ओट्यावरचा हूड हवा बाहेर न टाकता घरातच फिरवत असेल, तर फोडणीचा तेलकट धूर थेट फिल्टरवर जातो. असा फिल्टर हातात घेतला तर राखाडी न दिसता पिवळट दिसतो, बोटाला चिकटतो आणि झटकून धूळ पडत नाही. त्यात देवघराची उदबत्ती. अशा घरात पाकिटावरचे ‘तीन महिने’ विसरा, महिन्याने बघा.

आणि वापरात नसलेल्या खोल्यांची ग्रीलं बंद केली असतील तर उघडा. त्याने वीज वाचत नाही, दाब वाढतो. एवढं करूनही बर्फ परत आला तर कॉइल मळलं असेल, ब्लोअर मंदावला असेल किंवा गॅस गळत असेल. मग माणूस बोलवा.

प्रश्न : पॅसेजच्या फॉल्स सीलिंगवर साडेपाच टनांचं डक्टेबल युनिट आहे. एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) मुलं येतात, फिल्टर धुतात, सही घेतात, जातात. गारवा कमी झालाय आणि पावसाळ्यात सीलिंगवर पिवळा डाग आला. मी स्वतः काही करू शकतो का?
— एक वाचक, बाणेर, पुणे

उत्तर : फिल्टर धुणं हे एएमसीचं कामच नव्हे, ते तुम्ही दर पंधरा दिवसांनी करायचं. कोमट पाणी, जाळीच्या स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे धार, सावलीत पूर्ण वाळवायचं. ओला फिल्टर परत लावला तर दोन दिवसांत कुबट वास येतो.

डागाचा शोध घरबसल्या लागतो. एसी चालू असतानाच वाढतो आणि युनिटच्या बरोबर खाली आहे: ट्रे किंवा ड्रेन. पाइपच्या रेषेत लांबट पसरतो: गार पाइपावरचं रबरी इन्सुलेशन सुटलंय आणि तिथे घाम धरतोय. एसी आठवडाभर बंद असतानाही वाढतो: वरच्या मजल्याचं बाथरूम, एसीवाल्याला दोष देऊ नका. ट्रेचा संशय असेल तर एमसीबी पाडा, ट्रॅप डोअरमधून मोजून दोन लिटर पाणी तांब्याने हळूहळू ट्रेमध्ये ओता आणि दुसऱ्या माणसाला ड्रेनच्या तोंडाशी उभं करा. पाणी लगेच यायला लागलं पाहिजे आणि जवळजवळ सगळं आलं पाहिजे. रेंगाळलं तर चोंदलंय. ड्रेनच्या पाइपला दर मीटरमागे निदान एक सेंटिमीटर उतार हवा. फॉल्स सीलिंगवाले आणि एसीवाले एकाच आठवड्यात काम करतात तेव्हा तो उतार बहुतेक वेळा कोणाच्या तरी पायाखाली जातो. युनिटला ड्रेन पंप असेल तर ही परीक्षा वीज चालू ठेवून करावी लागते, ती माणसालाच करू द्या.

गारव्याचं कारण आम्हाला वेगळंच वाटतं. ट्रॅप डोअर केवढं आहे? दोन फूट बाय दोन फूट असेल तर ब्लोअर खाली उतरवता येतो. इंटेरियरवाल्याने ‘दिसायला बरं’ म्हणून एक फुटाचं ठेवलं असेल तर एएमसीची मुलं फिल्टरपलीकडे जाऊच शकत नाहीत, मग ती सही घेऊन जातात यात नवल नाही. आधी सुतार बोलवा, दार मोठं करा, मग सर्व्हिसवर भांडा.

दुसरा प्रश्न: फर्निचर आणि पीओपी चालू असताना एसी लावला होता का? पीओपीची घासलेली भुकटी ओल्या कॉइलवर बसली की तिचा गिलावा होतो. तो जेट पंपाच्या एका धुलाईत निघत नाही, केमिकल लावून दोन-तीनदा धुवावं लागतं. धुताना इलेक्ट्रॉनिक कार्डावर प्लास्टिक बांधलंय ना आणि खाली पाणी धरायची पिशवी लावलीय ना, एवढं शिडीखाली उभं राहून बघा. इन्व्हर्टर युनिटमधलं भिजलेलं कार्ड हे सर्व्हिसनंतरचं सगळ्यांत महाग दुखणं.

एएमसीच्या कागदात ‘वर्षातून दोन वेळा कॉइल, ब्लोअर आणि ट्रेची ओली धुलाई’ हे शब्द लिहून घ्या. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ लिहिलं असेल तर सुटे भाग आणि गॅस त्यात धरलेत का तेही वाचा. शब्द भारी असतो, यादी वेगळंच सांगते.

प्रश्न : दर एप्रिलमध्ये मिस्त्री म्हणतो गॅस कमी झालाय. भरतो, महिनाभर बरं चालतं. एसी गॅस किती पितात?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : थेंबभरही नाही. स्वयंपाकाचा गॅस जळतो म्हणून संपतो. एसीचा जळत नाही, बंद तांब्याच्या नळीत गोल गोल फिरतो. कमी झाला असेल तर गळती आहे, आणि गळती न शोधता भरणं म्हणजे भोक असलेल्या माठात पाणी ओतणं.

पण बऱ्याचदा गॅस कमी झालेलाच नसतो. आतलं कॉइल किंवा फिल्टर मळला की गेजवरचा दाब उतरतो आणि गॅस कमी असल्यासारखाच दिसतो. मिस्त्री खोटं बोलत असेलच असं नाही, पण त्याने धुण्याआधी गेज लावला तर तो फसतो आणि तुम्हीही. वर जास्तीचा गॅस भरला की कॉम्प्रेसरवर ताण. म्हणून क्रम ठरवून टाका: आधी धुलाई, मग पंधरा मिनिटं चालवून मोजमाप, मग गॅसचं बोलणं. ‘महिनाभर बरं चालतं’ याचं श्रेय गॅससोबत केलेल्या धुलाईलाच असण्याची दाट शक्यता आहे.

एक तपासणी तुम्ही करू शकता. एसी बंद करा, एमसीबी पाडा. वाटीत भांड्यांचा साबण आणि थोडं पाणी दाट कालवा. बाहेरच्या युनिटला जिथे दोन तांब्याच्या नळ्या पितळी नटांनी जोडलेल्या असतात, तिथे ब्रशने लावा आणि दोन मिनिटं नजर ठेवा. बारीक फेस हळूहळू फुगत गेला तर गळती तिथेच. त्या जागेभोवती तेलकट काळा डाग दिसला तर खात्रीच. नट स्वतः आवळू नका, फ्लेअर (नळीचं पसरवलेलं तोंड) चिरते.

गळती सापडली की रीतसर काम असं: उरलेला गॅस काढून घेणं, नायट्रोजन भरून दाबाची चाचणी, दुरुस्ती, व्हॅक्यूम पंप लावून ५०० मायक्रॉनपर्यंत निर्वात, आणि मग वजनकाट्यावर मोजून गॅस. किती ग्रॅम ते युनिटच्या पाटीवर लिहिलेलं असतं. काटा न आणता ‘अंदाजे’ भरणाऱ्याला परत पाठवा. नव्या यंत्रांतला आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, आत गॅस असताना तिथे जोडकामाचा ज्योतीचा टॉर्च पेटवू देऊ नका.

अमेरिकेतल्या वाचकांसाठी: तिथे गॅसच्या नळीला हात लावायला पर्यावरण खात्याचं कलम ६०८चं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे गॅसच्या बाबतीत ‘स्वतः की माणूस’ हा प्रश्नच उरत नाही. आर-२२ या जुन्या एसी गॅसचं उत्पादन आणि आयात तिथे १ जानेवारी २०२०पासून बंद आहे. जुन्या आर-२२च्या यंत्रात मोठी गळती निघाली तर दुरुस्तीचा नाही, बदलण्याचा हिशेब मांडा.

प्रश्न : ‘पूर्ण घराचे डक्ट ९९ डॉलरमध्ये साफ’ असे फोन येतात. करून घ्यावं का?
— एक वाचक, अटलांटा

उत्तर : नको. ९९ डॉलरमध्ये येतो तो विकायला येतो, साफ करायला नाही. आत शिरला की ‘बुरशी’ सापडते आणि आकडा दहापट होतो.

अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा सल्ला आहे की डक्ट ठरावीक काळाने साफ करायची गरज नाही. तीन कारणांसाठी करावी: आत डोळ्यांना दिसणारी बुरशी, उंदीर-किड्यांचा वावर, किंवा ग्रीलमधून बाहेर उडण्याइतकी धूळ. त्याच खात्याने खर्च ४५० ते १,००० डॉलर धरला आहे. रीतसर काम म्हणजे मोठं ओढयंत्र डक्टला जोडून सगळी यंत्रणा उलट्या दाबाखाली ठेवायची आणि आतून ब्रश किंवा हवेच्या चाबकाने धूळ सोडवायची. निम्मा दिवस सहज जातो. त्यात ब्लोअर आणि कॉइलची सफाई धरलेली हवी, नाहीतर पहिल्याच दिवशी तिथली धूळ स्वच्छ डक्टमध्ये जाते. तुमच्याकडे मऊ, प्लास्टिकचे लवचीक डक्ट असतील तर ब्रशवाल्याला सांभाळून, ते फाटतात. जंतुनाशकाची फवारणी गळ्यात मारायला आला तर नाही म्हणा.

पैसे न घालवता खात्री करायची तर एक सप्लाय ग्रील काढा, फोनचा टॉर्च लावून हात आत घाला आणि व्हिडिओ काढा. पातळ राखाडी थर सगळ्यांच्या घरी असतो. त्याने काही होत नाही.

धूळ खरोखरच फार येत असेल तर ॲटिकमधल्या रिटर्न डक्टचे सांधे बघा. सांधा सुटला असेल तर यंत्र ॲटिकमधली गरम हवा आणि इन्सुलेशनचा भुसा घरात ओढत असतं. हे काम तुमच्या हातचं: मास्टिकचा लेप किंवा ‘यूएल १८१’ छाप असलेली फॉइल टेप. ज्याला दुकानात डक्ट टेप म्हणतात ती कापडी टेप डक्टला लावू नका. उष्णतेने तिचा गोंद वाळतो आणि ती सुटते.

प्रश्न : एसी सुरू केला की पहिली पाच मिनिटं ओल्या मोज्यांसारखा वास येतो. आतल्या कॉइलवर व्हिनेगर फवारू का? ब्लीच?
— एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : दोन्ही नको. व्हिनेगर ड्रेनमध्ये ओतून पाण्याने धुऊन टाकणं वेगळं आणि कॉइलवर फवारणं वेगळं. त्यातल्या ॲसिडाने तांब्याच्या नळीत मुंग्यांच्या वारुळासारखी बारीक बिळं पडू शकतात आणि गॅस गळायला लागतो. ब्लीच ॲल्युमिनियम खातं.

वास कॉइलवरच्या जिवाणूंच्या पातळ थराचा आहे. आधी थर्मोस्टॅटवर पंखा ‘ऑन’ असेल तर ‘ऑटो’ करा. ‘ऑन’वर कॉम्प्रेसर थांबल्यावरही पंखा चालू राहतो आणि कॉइलवरचं पाणी, वासासकट, परत घरात उडवतो. ह्यूस्टनच्या दमट हवेत याचा फरक आठवड्यात जाणवतो.

मग कॉइल. उघडता येणारा दरवाजा असेल तर वीज तोडून, उदासीन पीएचचा, धुवावा न लागणारा फोम मारता येतो. कॉइलवर साचणारं पाणीच त्याला वाहून नेतं. मात्र खालून वर हवा जाणाऱ्या युनिटात कॉइल तंबूसारखं, उलट्या ‘व्ही’च्या आकाराचं असतं आणि मळ बसतो तंबूच्या आतल्या अंगाला. तुम्ही बाहेरून फोम मारता, बाहेरची बाजू लखलखते आणि आतली गोधडी तशीच राहते. फोन आत सरकवून फोटो काढा. आतून करडी गोधडी दिसली तर माणूस बोलवा, त्याला कदाचित कॉइल बाहेर काढावं लागेल. पॅनेल परत लावताना कडांना फॉइल टेप नव्याने लावायला विसरू नका.

प्रश्न : समुद्रापासून तीन-चारशे मीटरवर घर, गच्चीवर बाहेरची युनिटं. दोन वर्षांत पात्या बोट लावताच पिठासारख्या झडतात.
— एक वाचक, कोलवा, गोवा

उत्तर : खारी हवा. तांब्याची नळी आणि ॲल्युमिनियमची पाती एकमेकांना चिकटून, वर मिठाचं पाणी: झिजतं ते ॲल्युमिनियम. इथे माणसाची वाट बघू नका. महिन्यातून एकदा, पावसाळा सोडून, वीज तोडून साध्या गोड्या पाण्याने हलकेच धुवा. साबण नाही, केमिकल नाही. बोअरचं पाणी खारं असेल तर ते वापरू नका. झडलेल्या पात्या परत येत नाहीत. पुढचं युनिट घेताना निळ्या लेपाचं कॉइल मागा आणि शक्य असेल तर जिन्याच्या खोलीच्या आडोशाला बसवा.

प्रश्न : बाहेरचा पंखा फिरत नाही, युनिट नुसतं हुंकारतं. काठीने ढकलला की फिरतो. म्हणजे कॅपॅसिटर गेला. तो वीस डॉलरला मिळतो. मी बदलू का?
— एक वाचक, शार्लट

उत्तर : निदान बहुधा बरोबर आहे, म्हणूनच मोह होतो. आधी एसी बंद करा. पंखा बंद असताना कॉम्प्रेसर चालला तर वीस डॉलरचं दुखणं दोन हजारांवर जातं. काठीचा प्रयोगही पुन्हा नको.

कॅपॅसिटर वीज तोडल्यावरही भार धरून ठेवतो आणि झटका जोराचा बसतो. त्यावर तीन टोकं असतात, सी (सामाईक), फॅन (पंखा) आणि हर्म (कॉम्प्रेसर). फॅन आणि हर्मच्या वायरी अदलाबदल झाल्या तर पंख्याची मोटार जळते. ४५/५ मायक्रोफॅरड लिहिलं असेल तर नवा तेवढाच हवा, व्होल्टेज मात्र ३७०च्या जागी ४४० चालतं. तुमच्याकडे क्षमता मोजणारा मल्टिमीटर असेल आणि भार सुरक्षितपणे उतरवायची रीत हातची असेल तर तुम्ही हा प्रश्न विचारलाच नसता. माणूस बोलवा. त्याने काढलेल्या जुन्या कॅपॅसिटरचं माप तुमच्यासमोर घ्यायला सांगा: ६ टक्क्यांची सूट धरून ४५चा ४२.३च्या खाली गेला असेल तरच तो गेलेला.

प्रश्न : हिवाळ्यात बाहेरचं युनिट ताडपत्रीने झाकावं का?
— एक वाचक, शिकागो

उत्तर : चारी बाजूंनी गुंडाळू नका. आत ओल कोंडते, पात्या गंजतात आणि उबेला उंदीर येऊन वायरी कुरतडतात. पानं पडत असतील तर फक्त डोक्यावर प्लायवुडचा तुकडा आणि त्यावर वीट, एवढं पुरे. मेमध्ये एसी लावण्याआधी तो काढायची आठवण फ्रिजवर लिहून ठेवा. युनिट हीट पंपाचं असेल तर प्लायवुडही नको, हिवाळ्यात तेच यंत्र तुमचं घर गरम करत असतं.